गालिच्यांच्या दुकानातला शामा

मुनाफ सारंग मूळचा हर्णैचा. जन्मला समुद्राच्या काठी, पण होडीत पाय ठेवला की त्याच्या पोटात ढवळायला लागायचं. घरच्या मासेमारीत त्याचा उपयोग शून्य. शेवटी बापानं वैतागून त्याला मामेभावाच्या ओळखीनं सौदीला धाडला, आणि मुनाफ वाळवंटात असा रुजला की जणू त्याच्या सात पिढ्या तिथंच गेल्या होत्या. हुफूफच्या बाजारात अबू नवाफचं गालिच्यांचं दुकान होतं. अबू नवाफ हा त्याचा कफील, म्हणजे मालकही तोच आणि सौदीत राहण्याच्या परवान्याचा, इकाम्याचा, धनीही तोच. त्या दुकानात मुनाफ तेवीस वर्षं गालिचे उलगडत आणि गुंडाळत होता.

विकण्यात त्याचा हात धरणारा बाजारात कोणी नव्हता. गिऱ्हाईक आत आलं की आधी चहा, मग पोराबाळांची खुशाली, आणि मग गालिचा. तो उलगडताना मुनाफ त्याच्यावरून असा हात फिरवायचा, की बघणाऱ्याला वाटावं हा मुलीला सासरी पाठवतोय. बेल्जियमच्या यंत्रावर विणलेला गालिचा त्याच्या तोंडी आला की इराणच्या डोंगरातला व्हायचा. गिऱ्हाइकानं भाव फारच पाडला, तर तो विणता विणता विणकरणीची दृष्टी कशी अधू झाली, तेही यायचं. या बाईला त्यानं इतक्या वेळा आंधळं केलं होतं, की कधी कधी त्याला स्वतःलाच तिचं वाईट वाटे.

बायको अमिरुन्निसा अकरा वर्षं त्याच्याबरोबर हुफूफला राहिली. मग परदेशी लोकांच्या बायकामुलांवर फी सुरू झाली आणि त्यांच्या इमारतीतली बिऱ्हाडं एकेक करून उठली. अमिरुन्निसा मुलीला, मेहेकला, घेऊन हर्णैला परतली. मेहेकचं फार्मसीचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुनाफनं तिथंच टिकून राहायचं, असं ठरलं होतं. टिकून राहणं हे काम त्याला जमत होतं.

पण दिवस सौदीकरणाचे होते. आधी मोबाइलच्या दुकानांतली परदेशी माणसं गेली, मग कपड्यांच्या, मग चष्म्यांच्या. दर खेपेला अबू नवाफ समोरच्या दुकानदाराचं सांत्वन करून यायचा आणि आत येऊन मुनाफला सांगायचा, की गालिच्यांचं काही कोणाच्या डोक्यात येणार नाही. २०१९ च्या जानेवारीत ते कोणाच्या तरी डोक्यात आलं. यापुढे गालिचे विकायला सौदी माणूस हवा होता. परदेश्यानं गालिचा उचलावा, झटकावा, गिऱ्हाइकाच्या गाडीत नेऊन टाकावा, पण त्याचं कौतुक करू नये, असा त्या नियमाचा अर्थ अबू नवाफनं लावला. आणि कौतुक न करणारा मुनाफ म्हणजे नुसता हमाल, तोही गुडघे दुखणारा.

अबू नवाफ मनानं वाईट नव्हता. त्याला मुनाफ सोडवत नव्हता आणि नियमही मोडायचा नव्हता. शहराबाहेर त्याची खजुराची बाग होती आणि त्या बागेच्या नावावर परदेशी माणूस ठेवायला जागा होती. सरकारी कामं करून देणाऱ्या एका दलालासमोर दोघं जाऊन बसले. दलालानं संगणकावर कोणकोणते हुद्दे अजून परदेश्यांना मोकळे आहेत ते वाचायला सुरुवात केली. खजुरीवर चढणारा? मुनाफनं गुडघे दाखवले. उंटांचा राखणदार? उंट आपल्याकडे बघतो तेव्हा आपल्याला आपल्या सासऱ्यांची आठवण होते, असं मुनाफनं नम्रपणे सांगितलं. दलाल खाली खाली गेला आणि एका ओळीवर थांबला. पक्षी-प्रशिक्षक.

"पक्ष्यांतलं काय कळतं तुला?" अबू नवाफनं विचारलं.

"खाल्लेत," मुनाफ म्हणाला.

तेवढं पुरे आहे, असं दलालाचं मत पडलं. पक्षी काही येऊन मुनाफचा दाखला मागणार नव्हता. पंधरवड्यात मुनाफचा इकामा बदलून आला आणि तेवीस वर्षं गालिचे विकणारा माणूस सरकारदरबारी पक्ष्यांचा उस्ताद झाला. संध्याकाळी त्यानं हर्णैला व्हिडिओ कॉल लावून ही बातमी दिली. अमिरुन्निसा इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला आणि मुनाफला बराच वेळ नुसतं घराचं छप्पर दिसत राहिलं. फोन उचलून ती म्हणाली, "दोन कोंबड्या खुराड्यात घालता यायच्या नाय तुम्हाला. त्यांनाही ठाऊक होतं. आणि सरकारला ठाऊक नाय?"

मुनाफच्या जागी विक्रीला अबू नवाफनं नूरा नावाची बाई ठेवली. चाळिशी उलटलेली, मुलं हाताशी आलेली, नवरा फौजेत, हफ्र अल बातिनच्या छावणीत. आधी कुठं नोकरी केलेली नव्हती. अबू नवाफची कल्पना अशी, की ही बाई खुर्चीत बसेल, सौदी माणसं किती ठेवलीत यावरून दुकानांना रंग देणाऱ्या सरकारी यादीत तिच्या नावावर दुकानाचा रंग पिवळ्याचा हिरवा होईल, आणि विकायचं काम मुनाफच करील, जरा हळू आवाजात. मुनाफचीही तीच कल्पना होती. तिला काय वाटतं ते विचारावं, हे दोघांपैकी कोणाला सुचलं नव्हतं.

नूरानं पहिल्या दिवशी खुर्ची दाराजवळून उचलून आत ठेवली आणि स्वतः उभी राहिली. पायांत पळायचे बूट, नकाबावर चष्मा. पहिलं गिऱ्हाईक आलं, एक जाडजूड म्हातारी आणि तिच्या दोन सुना. मुनाफ सवयीनं चहा सांगायला वळला तोवर नूरा त्यांना सांगत होती, की हा गालिचा यंत्रावरचा आहे, इराणचा वगैरे मुळीच नाही, पण पोरांनी वर काही सांडलं तर साबणानं निघतं. आणि तो पलीकडचा महागाचा घेऊ नका, त्याचा रंग सुटतो, माझ्याच घरी सुटलाय. मुनाफनं डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा म्हातारी तीन गालिचे घेऊन चालली होती.

महिनाभरात दुकानात बायकांची रीघ लागली. विणता विणता आंधळ्या झालेल्या विणकरणीची कोणाला गरजच उरली नाही. मुनाफ कोपऱ्यात स्टुलावर बसून राहायचा. त्याला राग यायचा, पण तो कोणावर काढावा हे कळायचं नाही. बाई त्याच्याशी अदबीनं वागायची, त्याला मुनाफभाई म्हणावं तसं "अबू मेहेक", मेहेकचा बाप, म्हणायची, दुपारी घरून आणलेला भात अर्धा त्याला द्यायची. अशा माणसाचा द्वेष करणं फार कष्टाचं असतं.

तेवढ्यात बाजारात तपासणीची हूल उठली. अधिकारी येतात, इकामा बघतात, आणि त्यावर लिहिलेलं काम माणूस खरोखर करतोय का ते बघतात. अबू नवाफला घाम फुटला. त्याच्या बागेत दोन म्हातारे मोर होते, पण ते कोणाकडून काही शिकण्यापलीकडे गेलेले. तेव्हा एक शिकाऊ पक्षी आणायचा, आणि बागेत फार ऊन असल्यामुळे तो एसीत, म्हणजे दुकानात, ठेवलाय असं सांगायचं, असं ठरलं.

शुक्रवारी मुनाफ पक्ष्यांच्या बाजारात गेला. तिथं कोया नावाचा एक मलबारी पिंजऱ्यांच्या भिंतीआड बसलेला असायचा. पोपट नकोत, ते फार बोलतात, अशी मुनाफची पहिली अट. कोयानं विचार करून मागून एक फडक्यानं झाकलेला पिंजरा काढला. फडकं उचललं तर आत एक काळाभोर पक्षी, पोट विटेच्या रंगाचं, आणि शेपटी अंगापेक्षा लांब. कोया आवाज बारीक करून सांगू लागला. हा शामा. सुमात्राच्या पश्चिमेला समुद्रात छोटी छोटी बेटं आहेत, दाट जंगलांची. तिथल्या एका बेटावरचा. तिकडे याच्या गाण्यासाठी लोक वेडे होतात, स्पर्धा लावतात, बक्षिसं देतात. मुनाफनं विचारलं, गातो का? कोया म्हणाला, सहा आठवडे झाले इथं आणून, अजून चोच उघडलेली नाही. मुनाफला हेच हवं होतं. गप्प बसणारा पक्षी त्यानं लगेच उचलला. तो समुद्र ओलांडून कसा आला, कोणी धरला, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्याला स्वतःलाही तसं कोणी कधी विचारलं नव्हतं.

निघताना कोयानं पुठ्ठ्याचं एक खोकं हातात दिलं. आत जिवंत रातकिडे होते. शामा दाणे खात नाही, त्याला वळवळणारं लागतं. हे मुनाफला पैसे देऊन झाल्यावर कळलं.

पक्षी दुकानाच्या कोपऱ्यात टांगला गेला. तो मुनाफकडे बघायचा, मुनाफ त्याच्याकडे बघायचा, आणि दोघं गप्प. प्रशिक्षण म्हणतात ते हेच असावं, अशी मुनाफनं स्वतःची समजूत घातली. रातकिडे मात्र गप्प नव्हते. एका दुपारी खोक्याचं झाकण सैल राहिलं आणि सगळी फौज गालिच्यांच्या थप्प्यांत पसरली. मग ते दुकान दिवसाही चिरचिरायला लागलं. नूरानं एका गृहस्थाला दिवाणखान्याचा गालिचा विकला, तो दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला. तक्रार अशी, की गालिचा चांगला आहे पण तो बोलतो.

नूरानं कोणाला काही न विचारता घरून मोठा व्हॅक्यूम क्लीनर आणला आणि भिंतीपासून सुरुवात केली. यंत्र घरघरायला लागलं, आणि कोपऱ्यातून एक शीळ आली.

आधी एकच, बारीक, ओलसर. मग दुसरी तिच्यावर चढलेली. मग पाणी दगडांवरून उतरत जावं तशा लहान लहान सुरांच्या लड्या, मध्येच एखादा भलताच खर्जातला सूर, मध्येच कुठल्या तरी दुसऱ्याच पक्ष्याची नक्कल. शामाची शेपटी थरथरत होती. घरघर जितकी वाढे तितका तो वर जाई. मुनाफ स्टुलावरून उठला तो उभाच राहिला. हुफूफमध्ये तेवीस वर्षांत त्याला झाडाची, ओल्या मातीची, सावलीची अशी आठवण कधी झाली नव्हती. नूरानं यंत्र बंद केलं. गाणंही बंद झालं. तिनं पुन्हा चालू केलं, तो पुन्हा गायला लागला.

"याला वाटतं धबधबा आहे," नूरा म्हणाली.

खरं काय ते शामालाच ठाऊक. त्या दिवसापासून दुकानातला प्रत्येक गालिचा दिवसातून दोनदा साफ होऊ लागला.

तपासणी आली ती मार्चमध्ये. आलेल्या साहेबांचं नाव मुतलक. पन्नाशीचे, उंच, खांदे पडलेले, चेहरा दुसऱ्याच्या वाईटासाठी रोज घराबाहेर पडावं लागणाऱ्या माणसाचा. आधीच्या तीन दुकानांत त्यांनी एक "शेतमजूर" अत्तर विकताना पकडला होता आणि एक "मेंढपाळ" लॅपटॉप दुरुस्त करताना. त्यांनी मुनाफचा इकामा हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला, आणि गालिच्यांकडे बघितलं. अबू नवाफ तोंडाला येईल ते बोलत सुटला, की बाग तिकडे, ऊन किती, एसी इकडे. मुतलकनी हात वर करून त्याला थांबवलं आणि मुनाफला विचारलं, की या पक्ष्याला काय शिकवलं आहेस ते दाखव.

मुनाफच्या जिभेवर तेवीस वर्षांची विक्री होती. ती अशा वेळी त्याला सोडून कशी जाईल? तो पिंजऱ्याजवळ गेला, डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाला, की जनाब, या जातीला हुकूम चालत नाही. याच्या मनात आधी त्याचं जंगल उभं करावं लागतं. आणि त्यानं नूराकडे बघितलं. नूरानं व्हॅक्यूम क्लीनरचं बटण दाबलं.

शामा त्या दिवशी असा गायला की बाहेरचे दुकानदार दारात येऊन उभे राहिले. मुतलक आधी उभे होते, मग गालिच्यांच्या थप्पीवर बसले. गाणं संपल्यावर त्यांनी बोटानं डोळ्याचा कोपरा पुसला. लहानपणी आजोबांच्या खजुरीत बुलबुल ओरडायचे, एवढंच ते म्हणाले. मग इकामा परत केला, तपासणीच्या कागदावर सगळं ठीक असल्याचं लिहिलं, आणि दारातून वळून विचारलं, की शिकायला आलं तर चालेल का.

मुनाफला वाटलं ही धमकी आहे. पण गुरुवारी कचेरी सुटल्यावर मुतलक खरंच आले, बरोबर खजुरांचा डबा घेऊन. शिकवायला मुनाफजवळ काहीच नव्हतं. साहेब कंटाळून आपोआप यायचे थांबतील म्हणून त्यानं सांगितलं, की पहिला महिना पक्ष्यासमोर नुसतं बसायचं, काही करायचं नाही. मुतलकनी मान डोलावली आणि बसले. महिनाभर दर गुरुवारी बसले. पंचवीस वर्षं ज्याला नुसतं बसायला कोणी दिलं नव्हतं, त्या माणसाला हा धडा फार खोल वाटला. महिन्यानं त्यांनी मुनाफला सांगितलं, की त्यांना रात्री झोप लागायला लागली आहे.

मग त्यांनी घरी पाळलेला आपला बुलबुल आणला. तो स्वतःची पिसं उपटतो म्हणून. मुनाफनं तो आठवडाभर ठेवून घेतला, शामाच्या शेजारी टांगला, खायला घातलं. बुलबुल कशानं सुधारला ते एक अल्लाला माहीत, पण पिसं उपटायचा थांबला. मुतलकनी हे कचेरीत सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या वरच्या साहेबांची कॅनरी आली. मग नगरपालिकेतल्या एकाचा पोपट, जो फक्त शिव्या द्यायचा. तो मुनाफकडे राहून मराठी शिव्या शिकून गेला, आणि मालकाला त्या कळत नसल्यामुळे त्याच्या मते पोपट सुधारला. उन्हाळा येईपर्यंत दुकानात गालिच्यांपेक्षा पिंजरे जास्त दिसायला लागले. अबू नवाफचं एकही काम कोणत्याही सरकारी खिडकीवर अडेनासं झालं. तो मुनाफला आता "उस्ताद" म्हणायचा, आणि ते म्हणताना हसायचंही बंद केलं होतं.

मुनाफलाही वाटायला लागलं होतं की आपल्या अंगात काहीतरी असावं. तो अमिरुन्निसाला फोनवर पक्ष्यांच्या स्वभावाबद्दल सांगायचा. ती ऐकून घ्यायची आणि विचारायची, की त्या कोंबड्या पाठवू का तुमच्याकडे शिकायला. पण पहाटे दुकान उघडायच्या आधी तो शामाच्या पिंजऱ्यावरचं फडकं काढायचा, तेव्हा तो कोणाचा उस्ताद नसायचा. तिथं कोणी बघायलाही नसायचं. तो बोटावर अळी धरायचा, शामा ती हळूच उचलायचा. मग मुनाफ त्याला हर्णैच्या बोलीत काहीबाही सांगायचा. व्हॅक्यूम क्लीनर न लावताही शामा अशा वेळी एखादा सूर काढायचा. त्याबद्दल मुनाफनं कोणाला सांगितलं नाही, नूरालाही नाही.

आणि इथंच घोटाळा झाला. वरच्या साहेबांनी कॅनरीच्या आनंदात एका बैठकीत विषय काढला. इतकी दुर्मीळ विद्या आपल्या शहरात आहे आणि ती एका परदेशी माणसाच्या हाती आहे, हे बरं नव्हे. अशी कला आपल्या मुलखातल्या माणसाला यायला हवी. बैठकीतल्या सगळ्यांना पटलं, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांचे पक्षी मुनाफकडे होते आणि त्याच्या कलेबद्दल कोणाला शंका नव्हती. कोणी लेखी काही काढलं नाही. अबू नवाफला चहाला बोलावून फक्त सुचवण्यात आलं, की तुमच्याकडची पक्षी-प्रशिक्षकाची जागा सौदी माणसाला दिलीत तर फार शोभेल. मुनाफला वाचवायला जो हुद्दा शोधला होता, तो मुनाफनं इतका नावारूपाला आणला की आता तो मुनाफसाठी फार मोठा झाला होता.

पण सौदी पक्षी-प्रशिक्षक आणायचा कुठून? साऱ्या हुफूफमध्ये ही विद्या रीतसर शिकलेला एकच माणूस होता. मुतलक.

ते स्वतःच येऊन बोलले. गुरुवारच होता. बराच वेळ शामासमोर बसल्यावर त्यांनी सांगितलं, की त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आहे. लोकांच्या दारात जाऊन त्यांना घरी पाठवायचं काम आता होत नाही. पक्ष्याचं हे काम मिळालं तर उरलेलं आयुष्य असं बसून काढावं, असं त्यांनी कितीदा मनात म्हटलं होतं. पण ते मुनाफच्या जागेवर, असं त्यात कधी नव्हतं. वरून नाव त्यांचंच आलं.

"मी नाही म्हटलं तर दुसऱ्याला देतील," ते म्हणाले. "तो याच्याकडे बघणारही नाही. तू सांग, मुनाफ. तू नको म्हणालास तर मी घेत नाही."

मुनाफनं पिंजऱ्याकडे बघितलं. त्याच्या मनात पुष्कळ काही आलं. ते सगळं त्याच्या तेवीस वर्षांच्या सवयीनं आधी छान गुंडाळलं गेलं. मग तो म्हणाला, "रातकिड्यांचं खोकं नीट बंद करत जा. आणि अळी बोटावर द्या, चिमट्यानं नको."

मुतलकनी त्याचा हात हातात घेतला आणि रडले. आयुष्यभर अनेकांना परत पाठवणारा तो माणूस पहिल्यांदाच एकासाठी रडत होता, आणि तोही आपल्याला नोकरी लागल्याबद्दल. नूरा तेवढा वेळ थप्पीमागं जाऊन गालिचे मोजत राहिली.

नोव्हेंबरमध्ये मुनाफचा कायमच्या परतीचा शिक्का झाला, तिथं त्याला खलास म्हणतात. अबू नवाफनं निरोपाला बकरा कापला आणि भाषण केलं, त्यात मुनाफनं आयुष्यभर पक्ष्यांची सेवा केली असं म्हणाला. वर एक प्रशस्तिपत्रक दिलं, सोनेरी अक्षरांत, पक्षी-प्रशिक्षक म्हणून. गालिच्यांचा कुठं उल्लेख नव्हता. नूरानं मेहेकसाठी एक लहान गालिचा बांधून दिला आणि सांगितलं की हा इराणचाच आहे, हातानं विणलेला, खरा. मुनाफनं तो घेतला. त्याला रडू आलं ते तिथं, विमानतळावर नव्हे.

हर्णैला अमिरुन्निसानं प्रशस्तिपत्रक बाहेरच्या खोलीत लावलं. कोणी पाहुणा वाचून विचारू लागला की ती आतून सरबत आणायला जायची आणि तिचे खांदे हलताना दिसायचे. मेहेक शेवटच्या वर्षाला होती. ती बापाला इंग्रजीत सांगायची, की पपा, रिलॅक्स. मुनाफला रिलॅक्स होता येत नव्हतं. तो पहाटे उठायचा आणि फडकं काढायला काही नसल्यामुळे अंगणात फेऱ्या मारायचा.

जानेवारीत मुतलकांचा निरोप आला. ते सुमात्राला निघाले होते. हा पक्षी जिथं गातो ते जंगल एकदा बघायचंय, असं त्यांनी लिहिलं होतं. तोवर शामा नूराकडे. मग तीन आठवडे काही नाही. आणि मग एके दिवशी दापोलीहून रिक्षा आली, तिच्यातून पाटलोण घातलेले, दाढी वाढलेले, धुळीनं माखलेले मुतलक उतरले. परत जाताना मुंबईला विमान बदलायचं होतं, ते बदलण्याऐवजी ते इकडे आले होते. अमिरुन्निसानं त्यांना पाणी दिलं, पाय धुवायला लावले आणि आत जाऊन दुप्पट तांदूळ भिजवले.

जेवण झाल्यावर मुतलक बोलले. मुनाफ अरबीतून मराठीत सांगत होता आणि अमिरुन्निसा दाराशी बसून ऐकत होती. ते त्या बेटावर पोचले. वाटाड्या घेऊन जंगलात शिरले. जंगल होतं तसं उभं होतं, हिरवं, ओलं, पाणी वाहतंय. बरेच दिवस ते त्यात हिंडले, पहाटे उठून झाडाखाली बसले, मुनाफनं शिकवलं होतं तसं, काही न करता. एकही शामा बोलला नाही. शेवटी वाटाड्यानं विचारलं की साहेब नेमकं काय ऐकायला आला आहात, आणि उत्तर ऐकून तो म्हणाला, की ते पाहिजे तर गावात चला. गावात घराघरावर पिंजरे टांगलेले होते. आधी जंगलातले धरून विकले, आता जंगलात नाहीत म्हणून त्यांचे भाव वाढलेत, म्हणून जो उरला असेल त्याच्या मागं सगळे. वाटाड्याचा स्वतःचा भाऊ हेच करतो.

"सगळं जंगल फिरलो," मुतलक म्हणाले. "माझ्या पक्ष्याचा आवाज मला फक्त आपल्या त्या गालिच्यांच्या दुकानात ऐकू येतो."

 मुनाफला कोयाचा फडक्यानं झाकलेला पिंजरा आठवला आणि आपण गप्प बसणारा पक्षी मागितला होता तेही. हे त्यानं भाषांतरात घातलं नाही.

मुतलकनी सांगितलं की त्यांनी नोकरी सोडायचं ठरवलंय. शामाला परत नेता येणार नाही, कायदाही तसं करू देत नाही आणि तिथं त्याला दुसऱ्या दिवशी कोणीतरी पुन्हा धरील. तो नूराच्याच घरी राहील, तिच्या खिडकीत, तिच्या व्हॅक्यूम क्लीनरजवळ. तिनं कबूल केलंय. पण त्याचा उस्ताद म्हणून पगार घ्यायचा, हे त्यांना आता जमणार नाही. म्हणजे अबू नवाफकडे पक्षी-प्रशिक्षकाची जागा पुन्हा रिकामी होणार होती. मुनाफनं हे अमिरुन्निसाला सांगितलं तसं तिनं त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं पुढचं वाक्य गिळलं.

सकाळी अजून पुरतं उजाडलं नव्हतं तेव्हा अंगणात आवाज आला. आंब्याला मोहोर होता, आणि त्याच्या शेंड्यावर एक काळापांढरा पक्षी शेपटी वर करून मोठ्यानं शीळ घालत होता. मुतलक अनवाणी बाहेर आले. मुनाफ त्यांच्यामागं आला. दोघं झाडाखाली उभे राहिले. बऱ्याच वेळानं मुतलकनी हळूच विचारलं, हा कोण?

मुनाफनं वर बघितलं. तो याच झाडाखाली लहानाचा मोठा झाला होता. त्यानं खूप आठवून पाहिलं आणि मग घराकडे तोंड करून हाक मारली, की अगं, झाडावर कोण ओरडतोय?

"दयाळ," आतून अमिरुन्निसा म्हणाली. "रोज ओरडतो. तुम्ही दोघं तिथं उभे राहणार असाल तर आधी बंदरावर जाऊन या. होड्या लागल्यात, चांगली सुरमई संपेल."

मुनाफनं चपला घातल्या, मुतलकना दाराशी पडलेल्या मेव्हण्याच्या चपला दिल्या, आणि दोघं पिशवी घेऊन निघाले.